झपाट्याच्या पोटावरचा नंबर

हौसामावशी सायकलवर बसलेल्या माणसाकडे बघत नाही, सायकलच्या पोटाकडे बघते. सुदुंबऱ्याच्या रस्त्यावर लहान चाकांची, उंच हँडलची जुनी सायकल दिसली की ती आडवी येते. "थांब. पोट दाखव." मग सायकल उलटी होते, चाकं आभाळाकडे. जिथून पेडल निघतात त्या नळीची खालची बाजू मावशी पदराने पुसते, बोटाने चाचपते आणि म्हणते, "जा."

एकदा उर्सेच्या टोलनाक्यावर ती भाजीच्या टेम्पोतून उतरली आणि पुढच्या मोटारीला मागे बांधलेल्या सायकलखाली शिरली. आतल्या बाईंनी काच खाली केली. "अहो, काय चाललंय तुमचं?"

"तुमचं काय न्हाई बाई. सायकलीचं चाललंय," मावशी खालूनच म्हणाली.

क्वचित ती एखादी सायकल ठेवून घेते आणि बदल्यात स्वतः जुळवलेली दुसरी, हमखास जास्त चांगली, देते. मावशीला सौदा कळत नाही, यावर गावाचं एकमत आहे.

माझी तिची गाठ रागातून पडली. माझे वडील लोणावळ्यात छापखाना चालवतात. पोटासाठी दुकानांची बिलबुकं, मनासाठी संघटनांची पत्रकं. त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. त्यामुळे मला वाक्य सुचण्याआधी घोषणा सुचते. डावा कोपर आठवीत मोडल्यापासून सरळ होत नाही, म्हणून मूठ तेवढी उजवी उंचावते. तर, सुदुंबऱ्याच्या एका शेडमध्ये बनणारी आणि कधीच बंद पडलेली 'झपाटा' ही लहान चाकांची बीएमएक्स सायकल नव्या मालकांनी पुन्हा बाजारात आणली. सोबत गुळगुळीत कागदावर इतिहास छापला: 'एका माणसाच्या स्वप्नातून जन्मलेली सायकल.' कामगाराचं एकही नाव नाही! मी पेटले आणि वही घेऊन हौसामावशीच्या दारात उभी राहिले. त्या शेडमध्ये काम केलेली ती एकटीच आता गावात उरली होती.

"सपान शेठला पडलं आसंल," ती म्हणाली. "पर जागरन आमी केलं. लिव्ह. हिस्ट्री हाय ती, गंमत न्हाई."

आणि काय हिस्ट्री होती! शेठने परदेशातून एक सायकल आणली, शेडच्या मधोमध ठेवली आणि करवतीने उभी चिरली. आत काय आहे ते कळल्याशिवाय तशीच दुसरी बनणार कशी? "मी रडले गं. येवढी देखनी वस्तू!" मग चौदा माणसांनी तुकडे मोजून मोजून पहिला झपाटा जुळवला. ज्या नारिंगी रंगाचं त्या गुळगुळीत कागदावर गुणगान होतं, तो कुणाचा तरी ट्रॅक्टर रंगवून उरलेला होता. मावशीचं काम नंबर टाकायचं. पोलादी ठसा, वर हातोडा, एक घाव, एक आकडा. "दुसरा घाव मारायचा न्हाई. आकडा दोनदा उमटतो, येड्यावानी दिसतो." तिचा सात जरा डावीकडे कलतो. कोणता नंबर कोणत्या गावात, कुणाच्या घरी आहे, हे ती न अडखळता सांगत होती. मी लिहिता लिहिता थांबले आणि नुसती तिच्याकडे बघत राहिले. आमच्या घरातल्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढी नेमकी माहिती नव्हती.

मी पहिला खर्डा तिला वाचून दाखवला: "कामगारांनो, जागे व्हा!"

"आमी जागीच व्हतो की," मावशी म्हणाली. "कुनावर वरडतीस येवढी?"

घरामागे तिचा घेवडा वेलांवर लगडला होता. वेल चढले होते सायकलींच्या फ्रेमवर. करवतीने दोन तुकडे केलेल्या, उभ्या पुरलेल्या अकरा फ्रेम. "बाद झालेल्या," एवढंच ती बोलली. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवल्यात. मी सहज म्हणाले, "आमच्या माळ्यावरही एक झपाटा आहे. बाबांनी कुणाकडून तरी जुना घेतला होता."

घेवडा तोडणारा हात थांबला. "नंबर काय?"

"कधी बघितला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने ती लोणावळ्याला, तुंगार्लीत आमच्या दारात हजर. मी सायकल खाली काढली, अंगणात उलटी केली. मावशीने पोट पुसलं. डावीकडे कललेला सात दिसला. त्याच्या शेजारी सुईच्या टोकाएवढा एक ठिपका. मावशीचं बोट त्या ठिपक्यावरून हलेना.

"बारा व्हत्या," ती हळू म्हणाली. "दिवाळीची घाई. नळ्यांच्या जोडात वितळवलेलं पितळ नीट उतरलंच न्हवतं. मी शेठला म्हनले, ह्या नगं धाडू, पोरं पडतील. त्यो म्हनला, तू नंबर टाक. टाकला मी. न्हाई म्हनायला पायजे व्हतं, पर म्हनलेच न्हाई. येक ठिपका तेवडा मारला, वळखायला." तिने हँडलजवळचा जोड नखाने खरवडला. नारिंगी रंगाखाली केसाएवढी चीर होती. "शेड बंद पडल्यापास्नं हुडकतीया. अकरा घावल्या. अकरा घरी इचारलं. कोन पडलं न्हवतं. ही बारावी."

मग तिने पहिल्यांदाच सायकल सोडून सायकलच्या मालकाकडे बघितलं.

"तू पडली न्हाईस ना गं कदी?"

आठवीत असताना तलावाच्या उतारावर याच झपाट्याचं पुढचं चाक एकाएकी भलतीकडे गेलं होतं. रस्त्यावरच्या खडीने झालं, असंच घरातले सगळे आजवर म्हणत आले.

खरं तेच लिहायचं, खरं तेच बोलायचं, मग समोर कुणीही असो, हे मला छापखान्यात शिकवलेलं आहे.

"नाही मावशी," मी म्हणाले आणि डावा हात ओढणीखाली घेतला. "कधीच नाही."

मावशी तिथेच अंगणात पाय पसरून बसली.

"पानी दे गं जरा," ती म्हणाली.

मी तांब्या भरून आणला आणि उजव्या हाताने पुढे केला.