शालिकभाऊंचे तीन आरसे

घरात बसल्या बसल्या आपल्या फाटकाशी कोण उभं आहे, हे पाहण्याचा हक्क माणसाला असावा की नसावा? घाईने उत्तर देऊ नका. मी घाई केली होती. 'नसावा' असं मी नुसतं बोललो नाही, तर स्टेन्सिल कापून, प्रती काढून, नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत घरोघरी वाटलं. त्या एका कागदापायी शालिकराम ठवकरांच्या फाटकावरचा आरसा उतरवायची वेळ आली. त्यांना त्या आरशाची किती गरज होती, हे विचारायचं मला सुचलं नाही.

शालिकभाऊ टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. पडद्यावर हिरो गात असतो तेव्हा मागच्या तापलेल्या खोलीत मशीनपाशी घाम पुसत जो माणूस उभा असतो, तो. त्यांच्या एका खिशात स्क्रू पिळायचा पेचकस असायचा आणि दुसऱ्या खिशात पिवळं फडकं. वाटेत कुठेही आरसा दिसला की त्यांचे पाय थांबत. न्हाव्याचा असो, पानठेल्यावरचा असो, पुसून सरळ केल्याशिवाय ते पुढे जात नसत. एकदा बडकस चौकात कोणाच्या तरी उभ्या स्कूटरचा आरसा ते असाच नीट करत होते. मालकाने मागून येऊन मनगट धरलं. शालिकभाऊंनी हात सोडवायचा प्रयत्नही केला नाही. म्हणाले, "तुमाले मागचा ट्रक दिसूनच नाई राहिला होता, भाऊ. आता दिसन." मालकाने बसून पाहिलं, खरोखरच दिसत होतं. मग त्यानेच चहा पाजला.

आमची वस्ती तेव्हा नवी होती. प्लॉट जास्त, घरं कमी, मधे कंबरेएवढं गवत. चोरीच्या गोष्टी रोज नव्या निघत. लोक कुत्री पाळत, भिंतीवर बाटल्यांच्या काचा बसवत. शालिकभाऊंनी मात्र आरशांची लाइन टाकली. पहिला आरसा ट्रकचा, फुगीर, फाटकाच्या खांबावर लोखंडी पट्टीने बसवलेला. त्यात फाटक आणि अर्धी गल्ली मावायची. तिथून चित्र दरवाज्यावरच्या रोशनदानातल्या, म्हणजे झरोक्यातल्या, दुसऱ्या आरशात आणि तिथून स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगलेल्या तिसऱ्यात. चुलीपाशी बसून फाटकावरचा माणूस दिसे. अंगठ्याएवढा, पण दिसे. परदेशात दारावर कॅमेरा लावतात आणि आत टीव्हीवर माणूस दिसतो, असं त्यांनी कुठल्या तरी मासिकात वाचलं होतं. त्यावर त्यांचं मत असं, की तिकडच्या लोकांकडे ऊन कमी, म्हणून त्यांना मशीन लागते. नागपुरात एवढा उजेड फुकट पडून राहिला असताना मशीन कशाला?

ही लाइन त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. एका वर्षात आमच्या गल्लीतल्या अकरा घरांत आरसे लागले. कोणी मागितले म्हणून नव्हे. शालिकभाऊ स्वतः यायचे, भंगारातून आणलेले आरसे घेऊन, आणि घरातल्या बाईला विचारायचे की ताई, भाजी चिरताना तुम्ही कुठे बसता. तिची बसायची जागा ठरली की बाकीचं ते पाहून घ्यायचे. नको म्हटलं तर त्यांचा चेहरा इतका पडायचा की लोक हो म्हणत.

लाइन टाकणं सोपं होतं, चालू ठेवणं कठीण. चिमण्यांना आरशात दुसरी चिमणी दिसे आणि दिवसभर मारामारी चाले. पट्टी हले, चित्र सरके, आणि बाई फाटकाऐवजी शेजारच्या निखाड्यांची म्हैस पाहत बसे. मग शालिकभाऊंना बोलावणं. त्यांनी प्रत्येक आरशाला सायकलच्या ट्यूबची, छपरासारखी पुढे आलेली टोपी शिवली तेव्हा कुठे चिमण्या हटल्या. दुरुस्तीची त्यांची पद्धत ठरलेली होती. घरच्या यजमानांना फाटकाशी उभं करायचं, स्वतः चुलीपाशी मांडी घालून बसायचं आणि आतून हुकूम सोडायचे. उजवा हात वर. आता डावा. आता जरा गोल फिरा. मोठमोठे हेडक्लार्क भर गल्लीत हात वर करून गोल फिरत असत. काही बिघडलं की त्यांचं पहिलं वाक्य एकच: "आधी उजेड कुठून येते ते पाहा." चित्र हललं तर ते 'रीळ घसरली' म्हणत आणि दुपारच्या झोपेला 'इंटरव्हल'.

निखाड्यांच्या घरी जागा अडचणीची होती, म्हणून आरसा वरून टाकावा लागला. त्यात माणसं उलटी दिसत. एका संध्याकाळी निखाडेकाकूंनी पाहिलं, एक माणूस पाय वर, डोकं खाली, पाठीवर पोतं, फाटकातून आत शिरतो आहे. त्यांनी जी बोंब ठोकली, त्यावर सगळी गल्ली काठ्या घेऊन धावली. बाहेर निखाडेकाका उभे होते, कुहीच्या शेतावरून नव्या तांदळाचं पोतं घेऊन आलेले. काकू शालिकभाऊंवर उखडल्या. ते शांतपणे म्हणाले, "वैनी, पंचवीस वर्षांचा संसार. नवरा उलटा झाला तं वळखू नाई आला तुमाले?" निखाडेकाका पुढे महिनाभर ही गोष्ट स्वतःच सांगत हिंडले.

एका बाबतीत मात्र शालिकभाऊ विनोद करत नसत. त्यांच्या घराला घंटी नव्हती आणि घंटीचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. कोणी म्हटलं, भाऊ, एवढा खटाटोप कशाला, एक बटन लावा, की ते एकदम कडवट होत. घंटी आंधळी असते, म्हणत. तिला चोर आणि पाहुणा सारखाच.

त्यांच्या बायकोचं, वत्सलाकाकूंचं, गल्लीत नाव फारसं चांगलं नव्हतं. समोर आल्या की हसत, दोन शब्द बोलत. पण मागून हाक मारली तर वळून पाहत नसत. बायका म्हणत, टॉकीजवाल्याची बायको, मिजास आहे.

आणि मी? मी कॉलेजात होतो आणि पत्रकांवर वाढलो होतो. आमच्या घरात पाटाखालीसुद्धा पत्रकं सापडत. सावनेरहून बदलून आलेले गावंडेसाहेब समोरच्या घरात राहायला आले, आणि त्यांची तक्रार माझ्या कानावर आली: ठवकरांच्या फाटकावरच्या आरशात आमचा अख्खा व्हरांडा दिसतो, घरात बायामाणसं आहेत. मला विषय मिळाला. 'शेजाऱ्यावर नजर ठेवणारा शेजारी हा बिनपगारी शिपाई होय,' असं मी लिहिलं. मोठा ठसठशीत मथळा दिला. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याला पहिली प्रत द्यायची, हा माझा नियम होता. मी ती शालिकभाऊंच्या हातात दिली. त्यांनी उभ्यानेच सगळी वाचली, घडी करून फडक्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय गा तुझं."

रविवारी सकाळी कडुनिंबाखाली गल्लीची बैठक झाली. मी तावातावाने बोललो. ज्यांच्या घरी शालिकभाऊंचे आरसे होते तेही माझ्या बाजूने बोलले. ठरलं, की फाटकावरचा आरसा काढायचा. मला वाटलं होतं शालिकभाऊ भांडतील. मी त्यासाठी चार मुद्दे तयार ठेवले होते. पण त्यांनी एवढंच विचारलं, की थोडा वळवून चालणार नाही का. गावंडेसाहेब नाही म्हणाले, मीही नाही म्हणालो. तत्त्वाला थोडं वळवता येत नाही, असंही म्हणालो. मग ते म्हणाले, काढतो, पण मीच काढतो, दुसऱ्याच्या हाताने काच जाते. त्याच दुपारी खांबावरची पट्टी रिकामी झाली.

तीन दिवसांनी आई मुंगवड्यांचा डबा घेऊन ठवकरांकडे गेली आणि डबा तसाच घेऊन परत आली. कडी वाजवून वाजवून हात दुखला म्हणाली, आत बाई आहे आणि उठत नाही. आरसा काढायला लावला म्हणून आपल्या घरावर राग दिसतो. मला हे पटलं नाही. राग असेल तर तो माझ्यावर असावा, आईवर का? जाब विचारायला मी तोच डबा घेऊन निघालो.

मी कडी वाजवली. हाक मारली. मग बाजूच्या खिडकीशी गेलो. आत वत्सलाकाकू चुलीपाशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या, खिडकीकडे पाठ करून. दर दोन चिमटींनी त्या मान वर करून तिसऱ्या आरशाकडे पाहत. त्या आरशात आता काहीच नव्हतं, रोशनदानाबाहेरच्या आभाळाचा एक पांढरा तुकडा तेवढा होता. मी खिडकीच्या गजांवर डबा आपटला. डब्याचं झाकण उडून अंगणात घरंगळत गेलं. काकूंनी मान वळवली नाही. पुढची चिमूट घेतली आणि पुन्हा त्या रिकाम्या आरशाकडे पाहिलं.

मी तिथेच उभा राहिलो. मागे सायकल थांबल्याचा आवाज आला. शालिकभाऊ मॅटिनी आणि संध्याकाळच्या खेळामधल्या वेळात घरी आले होते. त्या तीन दिवसांत ते रोज असे येत होते, एवढ्या उन्हात, फक्त घरी एक चक्कर मारायला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि झाकण उचलून फडक्याने पुसलं.

"टायफाईडात गेले कान," ते म्हणाले. "पाच वर्षं झाली. तोंडाकडं पाहून समजते तिले, पन पाठीमागून काई नाई. लोकं बहिरी म्हनतीन याचा लय धसका हाय तिले. म्हनून मी चोराचं नाव सांगतो."

मी विचारलं, मग बाकीच्या अकरा घरांत आरसे काहून लावले?

"एकाच घरी असते तं लोकांनी विचारलं नसतं का, यांच्याच घरी काहून?"

मला जे नेहमी सुचतं तेच सुचलं. म्हणालो, भाऊ, मी आजच नवं पत्रक काढतो, सगळी हकीकत लिहितो, गल्लीला लाज वाटेल असं लिहितो.

"नको लिहू," ते म्हणाले. "तिले वाचता येते."

असा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी पत्रकांत ज्याला त्याग म्हणत होतो, तो भरसभेत, टाळ्यांसाठी करायचा असतो अशी माझी समजूत होती. या माणसाने भर उन्हात अकरा घरांच्या भिंतींना खिळे ठोकले होते, आणि ते कशासाठी हे कोणाला कळू नये म्हणून वर आणखी कष्ट घेतले होते.

मी गावंडेसाहेबांकडे गेलो आणि सांगितलं, माझं पत्रक चुकलं. त्यांनी विचारलं, कुठे चुकलं? ते मला सांगता येत नव्हतं. मी नुसतं म्हटलं, सगळंच. पुढच्या रविवारी कडुनिंबाखाली उभं राहूनही तेवढंच म्हटलं. लोक हसले. निखाडेकाका म्हणाले, पोरगं आता उलटं दिसून राहिलं. मी हसू दिलं. गावंडेसाहेबांचा मात्र सवाल उरलाच, की व्हरांड्याचं काय?

त्यावरचा उपाय शालिकभाऊंच्या धंद्यातला होता. पडद्याबाहेर जाणारा उजेड अडवायला मशीनपुढे काळी चौकट लावतात. त्यांनी ट्रकचा आरसा पुन्हा खांबावर चढवला आणि काळ्या रंगाचा डबा घेतला. गावंडेसाहेब स्वतः ठवकरांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. मी त्यांच्या व्हरांड्यात उभा राहिलो. शालिकभाऊ आरशाची एक बाजू बोट बोट रंगवत गेले. आतून साहेबांचा आवाज येत होता, कोपर दिसते, अजून कोपर दिसते. शेवटी आवाज आला, गेला पोरगा. व्हरांडा गेला, फाटक राहिलं. साहेब बाहेर आले ते खूश होऊन. स्वतःच्या घरीही एक लाइन टाका म्हणाले.

सगळे पांगल्यावर शालिकभाऊंनी मला फाटकाबाहेर उभं केलं, फोकस पाहायला. मी उभा राहिलो. कडीला हात लावला नाही, तोंडातून शब्द काढला नाही. दार उघडलं. वत्सलाकाकू पदराला हात पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, "बाहेर काहून उभा राह्यला गा? ये नं."

शालिकभाऊ खांबाकडे तोंड करून पुसलेलाच आरसा पुन्हा पुसू लागले. बराच वेळ पुसत होते.

हे छापायला काकूंची परवानगी आहे. तो जुना धसका आता गेला; त्या स्वतःच नव्या शेजारणींना सांगतात, समोर येऊन बोला वं, मले ऐकू येत नाई. हा मजकूर त्यांनी वाचला. मी दोन ठिकाणी 'बिचाऱ्या' लिहिलं होतं. दोन्ही त्यांनी खोडले.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्याही गल्लीत एखादं दार असेल, जे कितीही कडी वाजवली तरी उघडत नाही, आणि ज्याच्याबद्दल सगळ्यांचं मत कधीच ठरून गेलं आहे. उद्या तिथे पुन्हा जा. आतल्या माणसाला दिसाल अशा जागी, उजेडात उभे राहा. आणि लगेच परतू नका.