भूगोलवाल्याचं शून्य

"अहो, नुसता उभा राहिला हो तो माणूस! तोंडातून एक शब्द नाही. आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!" बायकोने हे सकाळपासून चौथ्यांदा सांगितलं, आणि तत्त्वज्ञानाच्या सरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

होणारच हो! कॉलेजच्या व्याख्यानमालेचा विषय होता, 'शून्यातून काही निर्माण होतं का?' म्हणजे सरांच्या हक्काचा. त्यांची उभी हयात शून्यात गेलेली. आणि पहिल्या दिवशी बाजी मारली कोणी? तर भूगोलाच्या सरांनी! माइकसमोर आले, दोन मिनिटं गप्प उभे राहिले, नमस्कार करून बसले. आणि टाळ्यांचा कडकडाट. सरांच्या व्याख्यानाला बायको आजवर फक्त पेंगली होती.

"त्यात काय मोठंसं? गप्प कोणीही बसतं."

"मग तुम्ही बसून दाखवा!"

आज सरांची पाळी होती. भूगोलवाल्याच्या चौपट गप्प राहायचं, असं ठरवूनच ते व्यासपीठावर चढले आणि ओठ घट्ट मिटून उभे राहिले.

"माइक बंद आहे!" मागून कोणीतरी ओरडलं. वायरमन धावत आला, टकटक करून म्हणाला, "चालू आहे की! बोला सर."

सर कसले बोलतात! प्राचार्य कानाशी लागले, "विसरलात का हो?" सरांनी जोरजोरात मान हलवली. 'नाही' म्हणावं, तर सगळी मेहनत पाण्यात.

"अगं बाई, मान बघा कशी थरथरतेय! वाचा गेली यांची!" बायकोने हंबरडा फोडला.

पाणी आलं, डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं. शून्यातून काहीही निर्माण होत नाही, असं जन्मभर ठासून शिकवलेल्या सरांसमोर अख्खी अँब्युलन्स उभी राहिली. तरी सर गप्पच. आता बोलायचं तरी कुठल्या तोंडाने?

दवाखान्यात सगळ्यांत आधी पोचले भूगोलाचे सर. सरांचा हात धरून रडवेल्या आवाजात म्हणाले, "सर, आता सांगतोच. मी त्या दिवशी भाषण साफ विसरलो होतो. काही आठवेना म्हणून नमस्कार करून बसलो, तर लोक टाळ्या वाजवायला लागले! तुम्ही तासभर न अडखळता बोलता. किती हेवा वाटतो मला तुमचा! आणि आज तुमचीच वाचा..."

सरांनी एक डोळा उघडला.

"बायको औषधं आणायला गेलीय," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "ती आली की हे सगळं पहिल्यापासून सांगा. आणि या वेळी विसरू नका!"