सहावा व्यायाम आणि इडवलचा उजवा हात

मुलांनो, डोळ्यांसमोर एक दवाखाना आणा. त्याआधी ताठ बसा. बसलात? (हो म्हणालात म्हणजे बसलाच असाल; तपासायची आमच्याकडे पद्धत नाही.)

माणूस सांगितलेला व्यायाम रोज करतो, हे आकडेवारीने सिद्ध झालेलं सत्य आहे. आमच्या वेल्समधल्या खोऱ्यात खांदा दुखला तर डॉक्टरांकडे न जाता थेट नेरिस प्रोबर्टकडे जायचं असतं. ती प्रगत प्रथम-संपर्क फिजिओथेरपिस्ट. (पाटीचा उरलेला अर्धा भाग शेजारच्या दारावर आहे.) ती वीस मिनिटं तपासते, पाच व्यायामांचा कागद देते आणि सहा आठवड्यांनी विचारते, ‘‘करता ना?’’ गेल्या वर्षी ४१२ जणांना विचारलं. ४१२ म्हणाले, ‘‘रोज.’’ बरे झाले दोन. वरिष्ठ कार्यालयाने निष्कर्ष काढला, की रुग्ण सहकार्य करतात, खांदे करत नाहीत.

तेव्हा नेरिसने कागदावर गुपचूप सहावा व्यायाम छापला: डोक्यावर बांगडा ठेवून एका पायावर उभं राहावं, सकाळ-संध्याकाळ. पुढचे एकोणचाळीस रुग्ण म्हणाले, रोज करतो. एका बाईंना सहाव्यानेच विशेष आराम पडत होता. कार्यालयाने अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि सहावा व्यायाम सगळ्या खोऱ्यांना लागू केला.

चाळिसावा इडवल. तो आमचा गायकवृंद चालवतो. त्याचा हात जितका वर, तितका आमचा सूर वर, अशी तीस वर्षांची सवय. खांदा आखडल्यापासून हात छातीशी थांबतो, आणि आम्हीही. शनिवारी स्पर्धा होती. सोमवारी तो आठ वर्षांच्या नातीला, कॅरिसला, घेऊन नेरिसकडे फेरतपासणीला आला.

‘‘काका, व्यायाम?’’ नेरिसने विचारलं.

‘‘रोज, पोरी. न चुकता.’’

‘‘सहावासुद्धा?’’

‘‘तो तर दोनदा.’’

‘‘आजोबा,’’ कॅरिस म्हणाली, ‘‘तो कागद पोपटाच्या पिंजऱ्यात अंथरलाय की.’’

इडवलने खुलासा केला, ‘‘नजरेसमोर असावा म्हणून.’’

‘‘कोणाच्या?’’ असं विचारून नेरिसने ‘करतो’ या चौकटीत खूण केली. फॉर्मवर दुसरी चौकट नाही.

शनिवारी शेवटच्या गाण्यात सगळ्यांत उंच सूर आला. इडवलचा हात छातीशी अडला. आम्ही तीस जण खालीच ताटकळलो. परीक्षकांनी पेन उचललं.

पहिल्या रांगेतली कॅरिस खुर्चीवर चढली आणि लोकांकडे वळून म्हणाली, ‘‘जे रोज व्यायाम करतात, त्यांनी हात वर करा.’’

सगळं सभागृह हात वर करू लागलं. कोणाचा खांद्यापर्यंत गेला, कोणाचा कानापर्यंत. सवयीने आम्हीही कानापर्यंत चढलो. तिथून पुढे मात्र एकही हात जाईना.

पिंजरा रोज कॅरिसच साफ करते. साफ करताना ती कागद वाचते, आणि वाचलेलं करते. ती खुर्चीवर एका पायावर उभी राहिली (बांगडा घरी राहिला होता), आणि तिने हात सरळ छताकडे नेला. सूर तिथपर्यंत गेला.

मघाशी तुमचेही हात वर दिसले, मुलांनो. छान. आता ताठ बसा.