पाठ नसलेली पृथ्वी

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. शाळेला छप्पर नव्हतं, पण घंटा होती, हजेरीपट होता आणि भिंत नसल्यामुळे झाडांना टांगलेले सुविचार होते. म्हणजे शाळाच होती. उगाच शंका काढू नका.

या जंगलात एक नियम होता. सिंहमहाराजांकडे कुणी पाठ करायची नाही. झालं काय, की महाराजांच्या खापरपणजोबांसमोरून एकदा एक भेकर पळालं. पळताना त्याची पाठ दिसली. खापरपणजोबांना तो आपला फार अपमान वाटला. शिकार हुकली त्याचं काही नाही हो, असं ते पुढे सगळ्यांना सांगत. तेव्हापासून महाराजांसमोरून जायचं ते उलट्या पावलांनी. एक रानडुक्कर असंच मागे मागे जाता जाता डोहात पडलं आणि बुडालं. त्याच्या बायकोला प्रशस्तिपत्र मिळालं.

तर त्या शाळेत खवलेबाई शिकवायच्या. बाई म्हणजे खवल्या मांजर. अंगभर खवले, लांबलचक जीभ, डब्यात रोज मुंग्या. अकरा वर्षं त्या हंगामी होत्या. कायम शिक्षकाला टेकडीवरचं कोरडं बीळ मिळे, हंगामी शिक्षकाला ओढ्याकाठचं. दर पावसाळ्यात बाईंच्या बिळात गुडघाभर पाणी शिरे. मुख्याध्यापक गवेसर, म्हणजे एक आडदांड रानगवा, दर वर्षी म्हणत, "पुढच्या वर्षी नक्की बघू हं, बाई." बाई "हो सर" म्हणत आणि अंथरूण वाळत घालत.

शिकवायच्या मात्र अगदी जीव ओतून. दिवस-रात्रीचा धडा आला, की बाई उन्हात उभ्या राहायच्या. "हे बघा, माझ्या पोटावर ऊन आहे. म्हणजे पोटावर काय झालं?"

"दिवस!" मुलं ओरडायची.

बाई गर्रकन वळायच्या. "आणि आता?"

"पोटावर रात्र! पाठीवर दिवस!"

विश्वाचा जन्मही त्या असाच सांगायच्या. सगळं विश्व आधी मोहरीहूनही लहान होतं, मग ते पसरत गेलं, त्यातून तारे झाले, ग्रह झाले. एकदा तांबू नावाच्या रानकुत्र्याच्या पिल्लानं विचारलं, "बाई, त्याच्या आधी काय होतं?"

"ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही," बाई म्हणाल्या.

गवेसर झाडामागे उभे होते. त्यांनी बाईंना लगेच बोलावून घेतलं. "माहीत नाही असं वर्गात म्हणायचं नसतं, बाई. मुलांना सवय लागते."

अशात शाळेचा वर्धापनदिन आला आणि महाराजांनी यायचं कबूल केलं. गवेसरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्यांनी कार्यक्रम ठरवला. जिवंत सूर्यमाला! मुलं ग्रह होणार, महाराज मधोमध उंचवट्यावर बसणार आणि सूर्य होणार.

चिचुंद्रीची आई भांडायला आली. गेल्या वर्षीपर्यंत वर्गातल्या सूर्यमालेत तिची मुलगी प्लूटो होती, यंदा नाव नाही म्हणजे काय? तिला कशीबशी समजूत घालून परत पाठवलं. मग जागेचा प्रश्न आला. मैदान लहान, म्हणून आठ ग्रहांना मिळून एकच कक्षा मंजूर झाली. उंचवट्याभोवती गोल चर खणून तयार झाला.

"बाई, पृथ्वी तुम्ही व्हा," गवेसर म्हणाले. "पृथ्वीनं काही भलतंसलतं केलं, तर जबाबदारी निश्चित करायला बरं पडतं. कार्यक्रम नीट झाला, की तुमच्या कायमच्या कागदावर तिथल्या तिथे महाराजांचा पंजा उमटवून घेतो. माझा शब्द आहे."

बाईंना रडूच आलं. टेकडी, कोरडं बीळ, ओली न होणारी चादर. सगळं डोळ्यांपुढे आलं.

"फक्त एक करा," गवेसर म्हणाले. "ते परिवलन काढून टाका."

"म्हणजे?"

"पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते. स्वतःभोवती फिरलात, की महाराजांकडे पाठ होणार. होणार की नाही?"

"अहो सर, पण पृथ्वी फिरतेच ना!"

"फिरते ना. इतर दिवशी फिरू दे. परिभ्रमणाला माझी काही हरकत नाही. सूर्याभोवती घिरट्या घालायला कुणाचीच हरकत नसते. पण तोंड सूर्याकडे ठेवून, खेकड्यासारखं तिरकं तिरकं चालायचं."

"मग रात्र कशी होणार, सर?"

गवेसरांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "महाराज समोर असताना रात्र कशाला हवी, बाई?"

बाई घरी आल्या. अकरा वर्षं मुलांना जे सांगितलं ते एका दुपारपुरतं गिळायचं होतं. एका दुपारनं काय होतंय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. तरी त्या दिवशी त्यांना मुंग्या गोड लागल्या नाहीत.

वर्धापनदिन उजाडला. महाराज आले आणि उंचवट्यावर बसले. सुरुवातीला महास्फोट होता. बेडकांनी गाल फुगवले, वानरांनी पोकळ ओंडक्यावर टिपरू मारलं, गवेसरांनी जाहीर केलं, "महाराजांच्या परवानगीनं विश्वाची उत्पत्ती होत आहे!"

"उत्पत्तीच्या आधी काय होतं?" महाराजांनी विचारलं.

"अर्ज होता, महाराज," गवेसर म्हणाले. "आपल्या मंजुरीसाठी."

महाराजांनी मान डोलावली. मग ग्रह निघाले. सगळे महाराजांकडे तोंड करून, तिरके तिरके. पुढे तांबडा म्हणून तांबू मंगळ झाला होता. मागे हत्तीचं पिल्लू डुल्या, म्हणजे गुरू. कमरेला वेलीचं कडं बांधून माकडाचं पोर शनी. डुल्याला गवेसरांनी दम देऊन ठेवला होता, की ग्रह थांबत नसतात, काहीही झालं तरी चालत राहा. तांबूच्या आणि डुल्याच्या मधे खवलेबाई. तिरक्या चालून त्यांचे पाय भरून आले होते.

दोन फेऱ्या झाल्या. महाराजांना जांभई आली. काहीतरी विचारावं म्हणून त्यांनी विचारलं, "पृथ्वी, तुझ्याकडे रात्र कधी होते?"

बाईंनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "आपण असताना रात्र कशी होईल, महाराज?"

महाराज खूश झाले. गवेसरांनी कागद पुढे केला. आणि तेवढ्यात मंगळ थांबला, मागे वळला आणि पंजा वर करून म्हणाला, "बाई, पण वर्गात तर तुम्ही गोल फिरून दाखवलं होतं! पाठीवर दिवस, पोटावर रात्र!"

महाराजांचे डोळे बारीक झाले. "गोल फिरून?" ते गुरगुरले. "म्हणजे पाठ?"

बाईंना म्हणायचं होतं, "हो महाराज, पृथ्वी अशीच फिरते." खरंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आले होते, आणि जीभ केवढी लांब ते तुम्हाला सांगितलंच आहे. पण महाराजांनी डरकाळी फोडली आणि खवल्या मांजराला भीती वाटली की जे होतं तेच झालं. बाईंनी डोकं पोटात घातलं, शेपटी वरून गुंडाळली आणि त्यांचा गच्च गोळा झाला. तांबू घाबरून चराबाहेर पळाला.

डुल्याला मात्र थांबायचं नाही एवढंच माहीत होतं. तो चालत आला, त्याचा पाय गोळ्याला लागला, गोळा चरातून गडगडायला लागला. डुल्यानं सोंडेनं पुढे ढकलला. स्वतःभोवती गरगर फिरत, महाराजांभोवती फिरत, बाईंनी पूर्ण एक फेरी मारली. त्या जंगलात पृथ्वी इतकी बरोबर कधीच फिरली नव्हती.

"थांबवा!" महाराज गरजले. "गवे, बघून सांग. तिनं मला पाठ दाखवली का?"

गवेसर गोळ्याजवळ गेले. एका बाजूनं पाहिलं, खवले. दुसऱ्या बाजूनं पाहिलं, खवले. हुंगून पाहिलं, काही कळेना. पाठ दाखवली म्हणावं, तर कार्यक्रम ठरवला कुणी हा प्रश्न येणार होता. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "महाराज, इथे पाठ सापडत नाही. पण तोंडही सापडत नाही."

"तोंड नाही?" महाराज उठून उभे राहिले. "शिक्षिका आहे आणि तोंड नाही?"

"नाही, महाराज."

महाराजांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, मग हिला हंगामी का ठेवलंय?"

कागदावर पंजा उमटला. खाली एक ओळ वाढली. शाळेच्या वेळेत बाईंनी याच स्थितीत राहावं.

बाई टेकडीवर राहायला गेल्या. बीळ खरंच कोरडं होतं. सकाळी त्या शाळेत येत, गोळा होत आणि आतून शिकवत. बाहेर नुसती घूं घूं ऐकू येई. मुलं गोळ्याभोवती बसत आणि बघत.

सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता, पृथ्वी गोल का आहे? बाई आपल्या कोरड्या बिळात उत्तरं तपासायला बसल्या. सगळ्या वर्गानं एकच उत्तर लिहिलं होतं. तांबूनंसुद्धा. "पृथ्वी महाराजांना घाबरते, म्हणून."

बाईंनी लाल काडी उचलली. उत्तर चूक होतं, पण मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं होतं. बाईंना पाणी भरलेल्या बिळात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. मग त्यांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.

तात्पर्य : पृथ्वी फिरते हे शिकवायला काहीच हरकत नाही, बाळांनो. फक्त शिकवणाऱ्याला तोंड आहे हे सूर्याला कळू देऊ नये. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी खगोलशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, चित्रकला शिकवावी. त्यातही सूर्य दोन डोंगरांच्या बरोबर मधोमध काढावा, डोंगरांपेक्षा मोठा काढावा, आणि त्याला हसरं तोंड काढायला विसरू नये.