उजव्या कानाचा धंदा

मुलांनो, एका जंगलात एक साळुंकी राहत होती. निदान मला आठवतं त्याप्रमाणे ती साळुंकीच होती. ही गोष्ट मी फार वर्षांपूर्वी ऐकली आणि पुढे इतक्यांदा सांगितली, की आता तिच्यात ऐकलेलं किती आणि माझं किती, हे मला सांगता येणार नाही. गोष्टीत एक कान आहे. तो उजवा होता की डावा, याचीसुद्धा मधली बरीच वर्षं मला शंका होती. तुम्ही तूर्त उजवा धरून चला.

तर साळुंकीचं नाव द्वारका. तिचा धंदा गव्यांच्या अंगावरच्या गोचिडी काढण्याचा.

गवा तुम्ही पाहिला नसेल. काळाभोर, झोपडीएवढा उंच, आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा दिसतो. वाघसुद्धा त्याच्या वाटेला जाताना दोनदा विचार करतो. पण या एवढ्या जनावराला पाठीवरची गोचीड काढता येत नाही. शिंग तिथवर पोचत नाही. शेपटी पोचते, पण तिला धरता येत नाही. म्हणून साळुंक्या. त्यांना गोचीड खायला मिळायची, गव्याला आराम मिळायचा. याला धंदा म्हणावं का, मला ठाऊक नाही. द्वारका म्हणायची, कारण तिची आई म्हणायची.

आईने तिला काम शिकवलं ते धोंडबा गव्याच्या पाठीवर. सुरुवात खांद्यापासून. मग पाठ, मग पोट, मग मान आणि कान. सर्वांत शेवटी शेपटीचं बूड. ती जागा अवघड. शेपटीचे फटके बसायचे, वासही बरा नसायचा. पण चण्याएवढ्या टपोऱ्या गोचिडी तिथेच असायच्या. आई म्हणायची, "तिथलं झाल्याशिवाय उडायचं नाही." ते झालं की धोंडबा असा लांब सुस्कारा सोडायचा, की समोरचं गवत वाकायचं. मग उडायचं.

आई गेली. द्वारका आणि तिची गोदावहिनी मिळून धंदा बघू लागल्या. हाताखाली आणखी नऊ साळुंक्या. गवे चाळीस. एका साळुंकीचे दिवसाला फार तर चार गवे व्हायचे. पलीकडच्या टेकडीवरून निरोप यायचे, आमच्याकडेही या. द्वारकेला वाईट वाटायचं. आपण दिवसभर राबतो, मग आपला धंदा वाढत का नाही? आपलंच काहीतरी चुकत असणार, असं तिला वाटायचं. तिला नेहमीच तसं वाटायचं.

त्या जंगलात एक तळं होतं, आणि तळ्याच्या काठाला धवलराव नावाचा बगळा सकाळपासून एका पायावर उभा असायचा. तो विचार करतो, असा सगळ्यांचा समज होता. त्यामुळे सल्ला विचारायला सगळे त्याच्याकडे जात. द्वारकाही गेली.

"द्वारकाबाई, तुम्ही दिवसभर करता काय?" धवलरावांनी विचारलं.

"गोचिडी काढते."

"कुठल्या?"

"म्हणजे? असतील तिथल्या."

"असतील तिथल्या!" धवलरावांनी डोळे मिटले. कोणीतरी वारल्याची बातमी ऐकावी तसे. मग म्हणाले, "माझ्याकडे बघा. मी एका पायावर उभा आहे. का?"

"दुसरा दुखतो?"

"दुसरा अनावश्यक आहे. बाई, याला फोकस म्हणतात. तळ्यात हजार गोष्टी आहेत. मी एकच बघतो. मासा. तुमच्या गव्याला सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं, तेवढं शोधा. बाकीचं सोडून द्या."

"पण ते कसं कळणार?"

"गिऱ्हाइकालाच विचारायचं. तो सर्व्हे मी करतो. माझी काही अपेक्षा नाही. मी आपला तुमच्या रांगेच्या कडेला उभा राहीन."

"आमच्याकडे रांग नसते, साहेब."

"लागेल," धवलराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर्व्हे झाला. धवलराव एकेका गव्याच्या शिंगावर जाऊन बसले. एकाचं उत्तर दुसऱ्याने ऐकू नये, म्हणून चोच अगदी कानाशी नेऊन, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कुठे खाजतंय?" सगळं शास्त्रशुद्ध होतं.

संध्याकाळी आवळ्याच्या झाडावर साळुंक्यांची सभा भरली. धवलराव म्हणाले, "चाळीसपैकी सदतीस गव्यांनी उजवा कान सांगितला. दोघांनी 'हो बाजूला' असं उत्तर दिलं. एक झोपला होता."

"अगं बाई!" गोदावहिनी म्हणाली. "मला आपलं वाटायचं, शेपटीखाली."

"वाटणं वेगळं आणि आकडे वेगळे, गोदाबाई."

"धोंडबाकाकांनीसुद्धा उजवा कानच सांगितला?" द्वारकेने विचारलं.

"त्यांनी तर दोनदा सांगितला."

द्वारकेची मान खाली गेली. म्हणजे आईने जन्मभर त्या अवघड जागेवर शेपटीचे फटके खाल्ले, ते उगाचच. गिऱ्हाइकाला काय हवं, हे तिला कधी कळलंच नाही. आईच्या वतीने द्वारकेला लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून फक्त उजवा कान.

आणि मुलांनो, धंदा वाढला! एका साळुंकीचे दुपारपर्यंत तीस-तीस गवे होऊ लागले. पलीकडच्या टेकडीवरचे गवे आले. त्यांच्याही पलीकडचे आले. खरोखरच रांग लागली. तरणे गवे उजवा कान पुढे काढून चालू लागले. "तुझा झाला का रे?" "मागच्याच आठवड्यात झाला. बघ की." झालेल्या कानाकडे न झालेले गवे आदराने बघत.

बाकीच्या अंगावर मात्र गोचिडी माजल्या होत्या. त्यामुळे रांगेतले गवे सारखे पाय आपटत. पाय आपटले की गवतातून नाकतोडे उडत. धवलराव ठरल्याप्रमाणे रांगेच्या कडेला उभे असत. आता ते दोन्ही पायांवर उभे राहत, कारण नाकतोडे दोन्ही बाजूंनी उडत.

एकदा धोंडबाचा नंबर आला. द्वारकेने कान लख्ख केला.

"झालं, काका."

"छान झालं. आता जरा मागे जा, पोरी."

"मागे म्हणजे?"

"नेहमीचं गं. शेपटीच्या बुडाशी. चार दिवस झाले, धड बसवत नाही मला."

द्वारकेने कानावरूनच मागे पाहिलं. धोंडबाची काळी पाठ राखाडी दिसत होती. तो राखाडी रंग हलत होता. मागे साठ गवे रांगेत उभे होते, आणि रांगेच्या कडेला धवलराव.

"काका, ते आता आमच्याकडे होत नाही."

"होत नाही म्हणजे? तुझी आई करायची की."

"आईच्या वेळी फोकस नव्हता."

धोंडबाला फोकस कशाशी खातात हे माहीत नव्हतं. पण तो मूळचा सभ्य. "बरं बरं," तो म्हणाला. "कान मात्र सुरेख झालाय हो." आणि तो हळूहळू निघून गेला. द्वारका त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग पुढच्या गव्याने खाकरून कान पुढे केला.

महिनाभरात त्या खोऱ्यातला एकूण एक उजवा कान स्वच्छ झाला. इतका स्वच्छ, की त्यात खायला काही उरलं नाही. साळुंक्या उपाशी राहू लागल्या.

"द्वारके," गोदावहिनी एका गव्याच्या मानेवर बसून म्हणाली, "एक खाल्ली तर कोणाला कळणार आहे? ही बघ, माझ्या पायाखालीच आहे. कशी टपोरी आहे बघ तरी!"

"वहिनी, नको. आज तुम्ही मानेवरची खाल, उद्या पाठ साफ करायला घ्याल. मग आपण पुन्हा होतो तिथेच."

"तिथे निदान पोट भरत होतं गं."

शेवटी दोघी धवलरावांकडे गेल्या. त्यांच्या चोचीतून नाकतोड्याचा एक पाय बाहेर लोंबत होता. तो आत जाईपर्यंत त्या अदबीने थांबल्या.

"साहेब, धंदा वीसपट वाढला आणि आम्ही उपाशी आहोत," द्वारका म्हणाली. "आमचंच काही चुकतंय का?"

"चुकत नाही. ही वाढीचीच लक्षणं आहेत. डोंगरापलीकडे पाचशे गवे आहेत. त्यांचे उजवे कान अजून घाण आहेत. परवा सकाळी निघायचं."

दुसऱ्या दिवशी धोंडबाची पाळी होती. तो आला नाही. गेल्या इतक्या वर्षांत धोंडबा कधी चुकला नव्हता. एका तरण्या गव्याने सांगितलं, "म्हातारा मोहाखाली पडलाय. उठत नाही म्हणे." आणि त्याने कान पुढे केला.

द्वारका रांग तशीच सोडून उडाली.

धोंडबा मोहाच्या झाडाखाली एका कुशीवर पडला होता. वरच्या फांदीवर एक कावळा बसला होता. नुसता बसून होता.

"काका!"

धोंडबाने डोळे उघडले. "पोरी, तू? माझा नंबर गेला असेल ना?" आणि मोठ्या कष्टाने मान वळवून त्याने उजवा कान तिच्यापुढे केला.

ती कानावर बसली नाही. ती थेट मागे गेली.

आईने शेवटी ठेवलेली जागा तिने आधी घेतली. मग पाठ, पोट, मान, डावा कान. दुपार कलली. तिची चोच दुखायला लागली. मध्येच तिच्या लक्षात आलं, की आपण कितीतरी दिवसांनी पोटभर जेवतो आहोत. तिला त्याचीही थोडी लाज वाटली, पण ती खात राहिली. ऊन उतरलं तेव्हा धोंडबाने लांब सुस्कारा सोडला. समोरचं गवत वाकलं.

कावळा उडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या साळुंक्या निघण्यासाठी आवळ्यावर जमल्या होत्या. धवलरावांनी द्वारकेकडे पाहिलं. अकरा जणींत तिचंच पोट वर आलेलं दिसत होतं.

"द्वारकाबाई, तुम्ही अंग साफ केलंत?"

"केलं."

"किती?"

"सगळं."

गोदावहिनीने हळूच विचारलं, "शेपटीखाली पुष्कळ होत्या?"

"पुष्कळ."

गोदावहिनीने आवंढा गिळला.

"बाई, तुमच्या मेहनतीबद्दल मला शंका नाही," धवलराव म्हणाले. "पण महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय, हे तुम्हाला कळत नाही. अशांच्या हाती वाढता धंदा ठेवता येत नाही."

"अहो, पण काका मेले असते."

"उजवा कान साफ असताना मेले असते. आपल्या कामात काही कमी राहिली नव्हती."

खरं सांगायचं तर यावरचं उत्तर मलाही अजून सुचलेलं नाही. धंदा गोदावहिनीच्या नावावर झाला. तिने जाताना द्वारकेकडे एकदा वळून पाहिलं, मग तीही उडाली. दहा साळुंक्या डोंगरापलीकडे निघाल्या. त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या, की वाऱ्यानेच अर्धी वाट काढून दिली. धवलराव मागून सावकाश गेले. त्यांना उडणं जड जात होतं. तो धंदा अजून वाढतोच आहे म्हणतात. त्यांनी सात खोरी मागे टाकली. पुढच्या खोऱ्यात नेहमीच घाण कान असतात.

मागे राहिलेल्या गव्यांना झालेल्या कानाचाच अभिमान होता, त्यामुळे द्वारकेकडे एकच गिऱ्हाईक उरलं. धोंडबा पुढे पुष्कळ वर्षं जगला. द्वारकेचा धंदा काही वाढला नाही. वाढली ती द्वारकाच, थोडीशी, पोटाकडून. पण आपण चुकलो असू, ही शंका तिच्या मनातून गेली नव्हती. सदतीस गवे खोटं कशाला बोलतील?

एके दिवशी तिने विचारलंच, "काका, तेव्हा तुमचा उजवा कान खरंच खाजत होता?"

"कधी गं?"

"धवलरावांनी विचारलं तेव्हा."

"तेव्हा खाजत होता."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी कुठला? तो आला, शिंगावर बसला, कानात चोच घातली आणि विचारलं, कुठे खाजतंय? तुझ्या कानात कोणी चोच घातली, तर तुला कुठे खाजेल?"

द्वारकेने पायाने स्वतःचा कान खाजवला. मग म्हणाली, "मग तुम्ही दोनदा कशाला सांगितलंत?"

"त्याने दोनदा विचारलं," धोंडबा म्हणाला.

आता एका म्हाताऱ्या गव्याच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मला पुढे पुष्कळ वर्षं छळत होता. शिवाय कान उजवाच कशावरून? शेवटी उतारवयात मी एकदा त्या खोऱ्यात गेलो आणि तिथले म्हातारे गवे एकेक करून नीट पाहून घेतले. अर्थात लांबूनच. प्रत्येकाच्या उजव्या शिंगावर बगळ्याच्या शिटेचे जुने पांढरे डाग होते. डाव्या शिंगावर एकही नव्हता.

तात्पर्य: धंदा वाढवायचा असेल, तर सर्वांत महत्त्वाचं काय हे गिऱ्हाइकालाच विचारावं, आणि जिथलं उत्तर हवं असेल, तिथे चोच घालून विचारावं.