हैबतरावांच्या हलक्या गाडीची घाटमोहीम

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, चार चाकांस नमन, आणि पाचवे जादा चाक वजनाचे म्हणोन काढून टाकिले त्यासही नमन, कारण नमनास वजन नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान घडले ते काही ऐकून, काही पाहून लिहितो. राज्याचे नाव घेत नाही. नाव घेतले की माणसे वाद घालावयास येतात. त्या राज्यात हैबतराव म्हणोन थोर कारखानदार होते. दौलत म्हणावी तर घरामागे पत्र्याची शेड, फौज म्हणावी तर गोतीराम मिस्त्री एकला, आणि शस्त्रे म्हणावी तर एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर आणि एक ड्रिल. परंतु जिद्द बादशाही. दर साल त्या राज्यात घरी बांधिलेल्या हलक्या गाड्यांची घाटचढाई होत असे. बारा वळणे, वर झेंडा, आणि जो कमी वेळात झेंडा गाठील तो मानाचा. हैबतराव तीन साले उतरले आणि तिन्ही साले आठव्या वळणावर गाडी धापा टाकून बसली, आणि तेथील चहाच्या टपरीवरची मंडळी, "राव, बैल लावू का?" ऐसे पुसू लागली. तो शब्द काळजात रुतला. मग त्यांनी प्रतिज्ञा केली की, यंदा झेंडा गाठीन, नाही तर शेडीस कुलूप घालीन.

आता या विद्येची रीत ऐसी की, एक जुनी गाडी आपले इंजिन, गिअर, चाके आणि स्टेअरिंग देऊन टाकिते आणि उरलेली भंगारात जाते. तीस दाता गाडी म्हणावे. मग लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करावा, त्यात दात्याचा ऐवज बसवावा, वरी फायबरचे पातळ अंग चढवावे, की नवी गाडी जाहली. ऐसी उत्तम दाता गाडी हैबतरावांचे अंगणातच ताडपत्रीखाली उभी होती, परंतु ती त्यांचे कुटुंब द्वारकाबाईसाहेब यांचे वडील आबासाहेब, कैलासवासी, यांची. चार दिवस हैबतरावांनी गोष्ट ओठापर्यंत आणावी आणि गिळावी. पाचवे दिवशी बाईसाहेबांनीच ताडपत्री ओढिली आणि बोलिल्या, "अहो, गंजून जाण्यापेक्षा चालू दे. पण दोन गोष्टी. नव्या गाडीत माझी सीट पाहिजे आणि आबांचा हॉर्न राहिला पाहिजे. मी ह्याच गाडीवर शिकलेय. त्या घाटावर, तुमच्या झेंड्याच्या पुढं, आमच्या घराच्या वळणावर हॉर्न वाजला की आई दारात यायची." हैबतराव तत्काळ बोलिले, "दिला शब्द." मग बाईसाहेबांनी पळीभर उदक सोडून गाडी दान केली, आणि डोळ्यांस पदर लाविला, आणि आत जाऊन चहा ठेविला.

मग गोतीरामाने इंजिन उतरविले, आणि पिंजरा उभा केला, आणि गाडी दिसो लागली. आणि त्याच वेळी हैबतरावांस वजनाचे वेड लागले. घाटचढाईचा कायदा होता की, गाडी व चालविणारा मिळून पाचशे किलोंच्या वर जाऊ नये. म्हणोन एकेक जिन्नस स्वयंपाकघरातील काट्यावर चढू लागला. पेडलास भोके पाडिली, पट्ट्यांस भोके पाडिली, गिअरच्या दांड्यास भोके पाडिली, आणि शेडीत राहिलेली पळी बाईसाहेबांनी घाईने उचलून नेली, न जाणो, तिचाही झारा होईल. सर्व वजने वहीत मांडिली. चालविणाऱ्याचे रकान्यात हैबतरावांनी सत्तर लिहिले. बेरीज पाचशे पंधरा आली आणि वर पाव. तेव्हा नजर गेली चौदा किलोंच्या दुसऱ्या सीटेवर आणि सव्वा किलोच्या हॉर्नावर. दोन दिवस मन खात होते, तिसरे दिवशी दोन्ही काढिली. त्या दिवशी जेवताना ताटाकडे पाहत बोलिले, "सीट तात्पुरती काढलीय. हॉर्नही." बाईसाहेबांनी भाकरी वाढिली आणि वर लोणी घातले. चार शब्द सुनावत्या तर बरे होते, ऐसे हैबतरावांस वाटले, आणि ते लोणी त्यांस गोड लागले नाही.

मोहिमेचा दिवस आला. घाटाच्या पायथ्याशी मोठा काटा मांडिला होता, आणि तपासनीस शिटी घेऊन उभा होता. हैबतराव हेल्मेट घालून, पोट सावरून, मोठ्या डौलाने गाडीत विराजमान जाहले, आणि काटा पाचशे चौतीसवर जाऊन थांबला. तपासनीस बोलिला, "चौतीस जास्त. अर्ध्या तासात कमी करा, नाहीतर गाडी बाजूला घ्या." हैबतराव खाली उतरले आणि काटा चारशे तीस दाखवू लागला. मग गोतीरामाने वही उघडिली आणि सत्तराच्या आकड्यावर बोट ठेवून पुसिले, "सरकार, ह्ये वजन कवाचं?" हैबतराव हळूच बोलिले, "लग्नाच्या वेळचं." त्यास बावीस वर्षे लोटली होती. गोतीरामाने ड्रिल खाली ठेविले आणि म्हणाला, "समद्याला भोकं पाडून झाली, सरकार. आता ढेरीला कुठं पाडू?" सभोवतीचे लोक हसले, आणि हैबतरावांस धरणी ठाव देईना. गोतीरामास गाडी चालविता येत नव्हती. शेडीचे कुलूप डोळ्यांपुढे लोंबू लागले.

तेव्हा द्वारकाबाईसाहेब पुढे जाहल्या, पर्समधून लायसन काढून तपासनिसास दिले, ओढणी कमरेस खोचिली आणि गाडीत बसल्या. काटा चारशे ब्याऐंशीवर स्थिर राहिला. बाईसाहेब बोलिल्या, "अठरा किलो शिल्लक. गोतीराम, टेम्पोतलं गाठोडं आण." गाठोडे सोडिले तो आत सीट, आणि सीटेवर आबासाहेबांचा हॉर्न. हैबतराव कळवळून बोलिले, "अगं, वजन!" बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, वजनाचं निदान तुम्ही बोलू नका." मग गोतीरामाने चार बोल्ट आवळिले, दोन तारा जोडिल्या, काटा चारशे सव्वासत्त्याण्णववर, पाचशेच्या हद्दीतच राहिला, आणि हैबतरावांनी स्वहस्ते आपले हेल्मेट त्यांचे मस्तकी बसविले. बोलावयाचे पुष्कळ होते, परंतु तोंडून इतुकेच निघाले, "आठव्या वळणावर दुसरा गिअर टाक."

शिटी वाजली आणि गाडी जी उडाली ती पहिले वळण, दुसरे वळण, जणू गूळ पाहून निघालेली माशी. हैबतराव खाली उभे राहून कान लावून ऐकत होते. आठव्या वळणावर इंजिनाचा सूर बदलला, त्यांनी डोळे मिटिले, आणि मग सूर तैसाच वर चढत गेला. टपरीवरच्या एकासही बैल आठवला नाही. झेंड्यावरून फोन आला की, द्वारकाबाईंची वेळ सर्वांत कमी. हैबतरावांनी गोतीरामास मिठी मारिली. इतक्यात दुसरा फोन आला की, कायद्याप्रमाणे वरी पुन्हा वजन देणे असते, परंतु बाई थांबल्याच नाहीत; झेंडा ओलांडून सरळ पुढे गेल्या. वजन नाही, सबब नंबर नाही. मान दुसऱ्यास गेला. सभोवतीची मंडळी हळहळली, "राव, पहिली आली होती की हो!" हैबतराव तोंड उघडणार, तो मोबाइलवर बाईसाहेबांचा निरोप आला, "हॉर्न वाजवला. आई दारात आली. पिठलं-भात टाकलाय. शेजारची सीट रिकामी आहे, एस.टी.ने या. येताना दोघं येऊ. उतारावर वजन चालतं."

हैबतरावांनी तो निरोप तीन वेळा वाचिला, आणि डोळे पुसिले, आणि शेडीची किल्ली गोतीरामाचे हाती देऊन म्हणाले, "उघडीच ठेव." मग घाटाची एस.टी. आली, आणि हैबतराव खिडकीपाशी बसले, आणि कंडक्टर बोलिला, "दादा, जरा सरका, तिघांची सीट आहे."

येणेप्रमाणे घाटमोहीम जाहली. झेंडा गाठिला, मान गेला, सासुरवाडीचे पिठले मिळाले. पुढे जो कोणी हलकी गाडी बांधील त्याने दात्याचे इंजिन घ्यावे, चाके घ्यावी, परंतु देणाऱ्यास दिलेला शब्द काढून वजन कमी करू नये, आणि वहीत आपले वजन आजचे लिहावे. लेखणीसही थोडे वजन आहे, म्हणोन खाली ठेवितो.