खोक्यातले बारा जीव

प्राध्यापिकाबाईंच्या घरात थर्माकोलचा खोका आला आणि सासूबाईंची निवृत्ती संपली.

खोक्यात कोंबडीची बारा अंडी, वर विजेचा दिवा, कोपऱ्यात पाण्याची वाटी आणि तापमापक. कॉलेजातलं उबवणी यंत्र ऐन वेळी बंद पडलं होतं. चार दिवसांनी बाईंना निवड समितीपुढे पाठ घ्यायचा होता. अंडं फोडायचं आणि आतल्या गर्भाचं धडधडणारं हृदय दाखवायचं. नऊ वर्षं त्या हंगामी नेमणुकीवर प्राणिशास्त्र शिकवत होत्या. वयाच्या अटीमुळे कायम होण्याची ही शेवटची संधी होती.

"आई, मी नसताना दर चार तासांनी अंडी फिरवाल? एका बाजूला फुली आहे, दुसऱ्या बाजूला गोल."

"सदतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलीत मी. मला शिकवतेस?"

सासूबाईंनी खोक्याच्या झाकणावर तक्ता चिकटवला. वेळ, तापमान, फुली की गोल, सही. चिरंजीव, म्हणजे बाईंचे यजमान, फोनवर जरा मोठ्याने बोलले, तर "वॉर्डात आवाज नको" म्हणून त्यांची गॅलरीत रवानगी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी पडदे ओढून सासूबाईंनी एका अंड्याला टॉर्च लावला. आत बारीक लाल शिरांचं जाळं पसरलं होतं.

"अगं, हे कोपऱ्यातलं काय छान धरलंय!"

"मग उद्या पहिलं तेच फोडते," बाई पाठाचं टाचण काढता काढता म्हणाल्या.

"फोडतेस म्हणजे?"

"त्याशिवाय हृदय दिसणार कसं, आई?"

सासूबाईंनी टॉर्च विझवून अंडं हळूच खोक्यात ठेवलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई केस धुवायला गेल्या, तेवढ्यात सासूबाईंनी चिरंजीवांना दुकानात पिटाळलं. दुकानातल्या अंड्यांना कोंबडा माहीत नसतो, ती कितीही उबवली तरी आत काही होत नाही, हे ज्ञान त्यांना सूनबाईंनीच दिलं होतं. नवी बारा अंडी कोमट पाण्यात ऊन झाली, त्यांच्यावर फुल्या आणि गोल उमटले, आणि ती खोक्यात गेली. जुनी बारा दुलईत, गरम पाण्याच्या पिशवीशेजारी निजली.

"आई, तिची नोकरी..." चिरंजीव कुजबुजले.

"हुशार आहे ती. काहीतरी सांगून वेळ मारून नेईल."

प्रयोगशाळेत प्राचार्य आणि समितीचे तीन सदस्य दाटीवाटीने उभे होते. बाईंनी पहिलं अंडं फोडलं. पिवळा बलक, बाकी काही नाही. दुसरं, तिसरं, चौथं, तेच. पाचवंही तसंच.

"बाई," प्राचार्य घड्याळाकडे बघत म्हणाले, "हृदय कुठंय?"

सहावं अंडं हातात घेऊन बाई थबकल्या. त्यांची फुली नेहमी तिरकी असे. ही सरळ होती, अधिकच्या चिन्हासारखी. झाकणावरच्या तक्त्यात, सासूबाईंच्या सहीपुढे, अशाच सरळ फुल्या होत्या. बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. अर्ध्या तासाची मुदत मागून त्यांनी बाहेर जाऊन फोन लावला.

"आई, अंडी कुठायत माझी?"

"सुखरूप आहेत."

"नऊ वर्षं गेली माझी यात!"

"फोडणार नसशील, तर आणते. हृदय मी दाखवते."

येताना त्यांनी चिरंजीवांना गाडी इतकी हळू चालवायला लावली की शेजारून सायकली पुढे गेल्या. मांडीवर दुलईचं बोचकं घेऊन त्या प्रयोगशाळेत शिरल्या आणि कोणाला नमस्कार न करता म्हणाल्या, "पंखा बंद करा. पडदे ओढा. आणि सगळ्यांनी हात धुवून या."

समितीने रांगेत हात धुतले.

अंधारात सासूबाईंनी कोपऱ्यातलं ते अंडं टॉर्चवर धरलं. कवच आतून लाल उजळलं, शिरा दिसल्या आणि त्यांच्या मधोमध मोहरीएवढा ठिपका लपलपताना दिसला. बाईंचा राग तिथेच विरला. त्यांनी हलक्या आवाजात शिकवायला सुरुवात केली, की हृदय आधी धडधडायला लागतं, पंख आणि चोच नंतर. इतकं सुंदर त्यांनी नऊ वर्षांत कधी शिकवलं नव्हतं.

"दिसलं! मला दिसलं!" प्राचार्य ओरडले.

"आवाज नको," सासूबाई म्हणाल्या, आणि मग सवयीने, "अभिनंदन. सगळं व्यवस्थित आहे."

अंडं फोडून दाखवा, असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही. आठवड्याभरात बाईंच्या हाती कायम नेमणुकीचं पत्र पडलं.

त्यानंतर दहा दिवसांनी, कायम प्राध्यापिकेचा पहिला रजेचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर आला. 'कारण: घरी बाळंतपण. एक अंडं वाया गेलं, बाकी अकरा जण सुखरूप.'

प्राचार्यांनी खाली लिहिलं, 'रजा मंजूर. मी बघायला आत्ता आलो तर चालेल का?'

अर्ज घरी गेला आणि संध्याकाळी चिरंजीवांच्या हस्ते प्राचार्यांच्या टेबलावर परत आला. प्राचार्यांच्या सहीखाली सासूबाईंच्या अक्षरात एक ओळ वाढली होती.

'भेटायची वेळ चार ते सहा.'